नेम रिकाम्या जागेवर

लेह, १८ डिसेंबर २०२४

सत्यशीला वहिनींना,
राजनंदिनीचा नमस्कार.

पत्ता तुमच्या लग्नपत्रिकेवरून घेतला. त्याआधी फोन लावला होता. तो नंबर आता गेवराईच्या एका खतदुकानदाराकडं आहे. माणूस भला निघाला. म्हणाला, "ताई, ह्या सत्यशीलाबाईला अजून लई लोक इचारतेत. सापडल्या तर माझा बी नमस्कार सांगा." तर त्यांचाही नमस्कार.

तुम्ही आमच्या घरातून गेलात त्याला दोन वर्षं झाली. दादाचं आणि तुमचं कोर्टात मिटलं, तेव्हापासून घरात तुमचं नाव निघत नाही. नणंद म्हणून हे पत्र लिहायचा मला हक्क उरलाय की नाही, ठाऊक नाही. तरी लिहितेय, कारण मी आज जिथं आहे तिथं तुमच्यामुळं आहे.

मी लडाखमध्ये आहे. महाराष्ट्राच्या मुलींच्या आइस हॉकी संघात सरावासाठी निवड झालीय. परळीच्या शाळेत चाकाच्या बुटांवर हॉकी शिकलेली मी आता पात्याचे बूट घालून गोठलेल्या तळ्यावर पळते. चेंडूच्या जागी इथं काळ्या रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. सकाळी अंघोळ करून बाहेर आलं की केसांच्या काड्या होतात. खोलीत लोखंडी शेगडी आहे, बुखारी म्हणतात तिला. तिच्याभोवती आम्ही सगळ्या पोरी शेकत बसतो.

काल सगळ्यांना विचारलं, पहिला कीपर कोण होता तुमचा. कुणी भाऊ म्हणाली, कुणी वर्गातला मुलगा. मी म्हणाले, माझी वहिनी. अडतीच्या दुकानामागच्या सिमेंटच्या खळ्यावर, नडग्यांना गोधड्या सुतळीनं बांधून आणि डोक्यात दादाचं हेल्मेट घालून ती दोन वर्षं माझ्यासमोर उभी राहिली. पोरी हसल्या. मग आरोही, म्हणजे आमची कीपर, हसायची थांबली आणि म्हणाली, "दोन वर्षं? रोज?"

रोज. बाजाराचा दिवस सोडून.

आई तेव्हा "लोक बघत्याल गं" म्हणत आतून फाटकाची कडी लावायची आणि मग तिथंच जात्याशेजारी बसून बघायची.

माझं इथं छान चाललंय. गोल होतायत. सगळे कौतुक करतात. काळजी नसावी.

तुमची
राजनंदिनी


लेह, २६ डिसेंबर २०२४

वहिनी,

आधीचं पत्र अजून पोचलं नसेल. पण त्यातली एक गोष्ट खोटी आहे आणि ती तशीच तुमच्या माहेरी, शिरूरला पोचू नये म्हणून हे मागोमाग लिहितेय.

गोल होत नाहीयेत. एकही नाही.

मी जोरात मारते. इथल्या मुलींमध्ये माझा फटका सगळ्यांत जोरदार आहे, हे खरंच आहे. पण तो जातो कीपरच्या पोटात. आरोही तो छातीशी कवटाळते आणि म्हणते, "थँक यू." आधी गंमत वाटायची. आता नाही वाटत.

आमच्या प्रशिक्षक रिग्झिन मॅडम इथल्याच, लेहच्या. कमी बोलतात. परवा सराव संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. हिंदीत म्हणाल्या, "बेटा, तेरे हाथ में ताकत है, मगर तू दरवाज़ा छोड़कर चौकीदार को मारती है." जानेवारीच्या शेवटी राष्ट्रीय स्पर्धेसाठी अंतिम संघ ठरणार. माझ्याच जागेसाठी नागपूरची एक मुलगी आहे. तिचा फटका हलका, पण जातो जाळ्यात.

मॅडम रोज सांगतात, वर मार, खाली मार, कोपऱ्यात मार. मला ते ऐकू येतं. पण मारायच्या क्षणी काय होतं कोण जाणे, चकती पुन्हा पोटात.

आज सगळ्या जेवत असताना मी एकटीच बसले होते, तेव्हा सुचलं. मला कोपरे सांगणारे पुष्कळ आहेत. पण माझ्या फटक्यासमोर सगळ्यांत जास्त उभी राहिलेली माणसं जगात दोनच. एक आरोही, आणि ती मला सांगणार नाही, कारण तिलाही संघात राहायचंय. दुसऱ्या तुम्ही.

म्हणून विचारते. तुम्ही समोर उभ्या असायच्या, तेव्हा चेंडू कुठं येऊ नये असं तुम्हाला वाटायचं?

ओठाला चकती लागून तीन टाके पडलेत, म्हणून बुखारीपाशी चहाही फुंकून प्यावा लागतोय. किरकोळ आहे. घरी कळवलेलं नाही.

उत्तर दिलं नाही तरी मी समजून घेईन.

राजनंदिनी


शिरूर कासार, ८ जानेवारी २०२५

राजनंदिनी,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून ठेवून दिलं होतं. दुसऱ्यात खेळाचं विचारलंस, म्हणून लिहिते.

मी इथल्या हंगामी वसतिगृहावर काम करते. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत त्या पोरींचा मुक्काम आमच्याकडं असतो, दिवाळीपासून कारखाने बंद होईपर्यंत. त्यांचं जेवणखाण, अभ्यास, डोक्यातल्या उवा, सगळं मीच बघते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ नव्हतं. म्हणून परवा सुट्टीच्या दिवशी भिंतीवर कोळशानं चौकट आखली, पोरींच्या हातात रबरी चेंडू दिला आणि म्हणाले, हाणा मला. दोन वर्षांनी उभी राहिले. गुडघे कुरकुरले. पण उभं राहिल्यावर सगळं आठवलं.

तू मारायच्या आधी माझ्याकडं बघायचीस. माझ्या तोंडाकडं. जिकडं डोळे तिकडं चेंडू, हे तुझं तेव्हाही होतं. आमच्यातली वैष्णवी म्हणून एक पोरगी आहे, सातवीतली, चेंडू कधी धरला नाही तिनं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिला भिंतीवरचा कोळसा दिसत होता. तिचे निम्मे चेंडू आत गेले. तर माणूस बघू नकोस. माणसाच्या शेजारची मोकळी भिंत बघ.

मी पाय रोवून उभी असले की तू कितीही जोरात मार, मला फरक पडायचा नाही. मला धडकी भरायची ती मी एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडं सरकत असताना. तेव्हा पाय फाकलेले असतात, काठी उचललेली असते, आणि चेंडू आला तर दोन पायांमधून जातो. तू मात्र नेमकी तेव्हाच थांबायचीस. चेंडू नीट लावून घ्यायचीस. तेवढ्यात मी पोचायचे. थांबू नको. वाकडातिकडा गेला तर जाऊ दे.

उंच मारायचा सगळ्यांना सोस असतो. उंच आलेला मला दिसायचा. हातात काठी असते त्या बाजूचा, घोट्याजवळून सरपटत आलेला मला कधीच नीट अडवता आला नाही. अडला तरी हातात राहत नाही, उसळून पुढं जातो, आणि तिथं तुझी दुसरी खेळाडू उभी असेल तर तिचं काम होतं. छातीवर मारलेला मात्र मी धरून बसते. तिथं खेळ संपला.

आणि मारायच्या आधी तुझा उजवा खांदा वर जातो. तो चुगली करतो. त्याला गप्प बसव.

एवढंच आहे.

ओठ जप. मिठाच्या पाण्यानं चूळ भर.

तुझा चेंडू मला कधी लागला नाही. हे तुला माहीत आहे आणि मलाही.

सत्यशीला


लेह, १८ जानेवारी २०२५

वहिनी,

पत्र काल दुपारी आलं. बर्फावर जायच्या आधी तीनदा वाचलं. शेवटची ओळ जास्त वेळा.

आधी खेळाचं सांगते, कारण तुम्ही त्याच्यासाठी गुडघे झिजवलेत.

आज मी आरोहीकडं बघितलंच नाही. तिच्या काठीशेजारी जाळीचा एक पांढरा तुकडा दिसत होता, तो बघितला. पहिले काही बाहेर गेले. मग एक खांबाला लागला, टणकन आवाज आला, आणि रिग्झिन मॅडमनी लांबून मान वळवली. पुढचा आत. आरोही खाली बघत राहिली, चकती तिच्या घोट्याजवळून गेली हे तिला पटेना. "परत मार," म्हणाली. परत मारला. तो तिनं पायानं अडवला, तर उसळून नागपूरच्या मुलीपुढं गेला आणि तिनं सहज ढकलला. ती मुलगी धावत येऊन माझ्या हेल्मेटवर थापटी मारून गेली. आजवर आम्ही एकमेकींशी धड बोललोही नव्हतो.

मॅडमनी विचारलं, "किसने बताया?" मी म्हणाले, माझ्या जुन्या कीपरनं. त्या म्हणाल्या, "उसको मेरा जूले बोलना." जूले म्हणजे नमस्कार.

खांदा अजून चुगली करतो. त्याच्यावर काम चालू आहे.

आता शेवटच्या ओळीचं.

तुमचा हात मोडला त्या दिवशी मी घरात नव्हते. मी अंबाजोगाईला स्पर्धेला गेले होते. परत आले तर तुम्ही माहेरी गेलेल्या आणि गोधड्या घडी घालून कॉटवर ठेवलेल्या. अख्ख्या गावात झालं होतं, की नंदेच्या चेंडूनं भावजयीचा हात मोडला. म्हणे सिमेंटवर खेळायचं खूळ.

तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. तुमच्या वडिलांनी माणसं आणली होती ना बोलणीला, तात्याबा आणि ते दोघं? ते उठून गेल्यावर आमच्या बाजूची बैठक परत बसली. मी चहा घेऊन गेले होते. बाबा म्हणत होते, "खेळताना लागलं, पोरीला बी इचारा." मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी अंबाजोगाईला होते. माझा चेंडू इथं कसा आला?"

दादा उठून बाहेर गेला. बाबा म्हणाले, "आत जा." मी आत गेले, पण शब्द मागं घेतला नाही. नंतर माझे बूट कपाटात बंद झाले. वर्षभरानं आईनं किल्ली माझ्या उशीखाली ठेवली. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

तुम्हाला वाटलं असेल की मीही हो म्हणाले. वाटणारच. तुमच्यापर्यंत दुसरं काही पोचणार तरी कुठून.

एक विचारायचं होतं. संघाच्या कागदावर प्रशिक्षणाची माहिती द्यायची आहे. तुमचं नाव लिहू का?

राजनंदिनी


लेह, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सत्याक्का,

तुझं पत्र सामन्याच्या आदल्या दिवशी मिळालं. "वहिनी म्हणू नको, ते नातं मी कोर्टात ठेवून आले. अक्का म्हण आणि तू म्हण" असं लिहिलंस. म्हटलं बघ. लिहिताना हात अडखळतोय, होईल सवय.

"माझं नाव खुशाल लिही, त्याचं कुठं घेऊ नको, त्याच्यासाठी माझ्याकडं वेळ न्हाई," हेही वाचलं. तसंच करीन.

आणि तू लिहिलंस की बैठकीतलं वाचून तू भांडी घासायच्या मोरीजवळ बराच वेळ बसून राहिलीस आणि वैष्णवीनं येऊन विचारलं, "बाई, कुणी वारलं का?" मी ते वाचून हसले आणि मग मला हसता येईना.

आता ऐक. मी संघात होते. नागपूरची मुलगीही होती. आम्ही एकाच फळीत खेळलो. पहिला सामना जिंकलो. दुसरा हिमाचलशी. त्यांच्या मुली लहानपणापासून बर्फावर चालतात, आम्ही चालायलाच शिकतोय. त्यांनी दोन गोल केले तेव्हा आम्ही अजून श्वास शोधत होतो. इथली हवा विरळ आहे, छातीत सुया टोचतात.

शेवटच्या भागात चकती डाव्या कडेनं आली. त्यांची कीपर त्या बाजूला होती. नागपूरच्या मुलीनं ती आडवी माझ्याकडं सरकवली आणि कीपर सरकायला लागली. अक्का, मला ती सरकताना दिसली. पाय फाकलेले, काठी वर. जन्मभर मी अशा वेळी थांबत आले. ह्या वेळी नाही थांबले. लावूनही घेतली नाही, आली तशी मारली. फटका काही जोरदार नव्हता. सरपटत गेली, तिच्या दोन पायांच्या मधून. जाळीपर्यंत पोचते की नाही असं वाटत होतं. पोचली.

पोरी अंगावर येऊन पडल्या.

दुसरा मी मारला तो कीपरच्या घोट्याला लागून उसळला आणि नागपूरच्या मुलीनं आत घातला. बरोबरी झाली. मग त्यांनी तिसरा केला आणि आम्ही हरलो. इथवर महाराष्ट्राच्या मुलींची मजल गेली नव्हती म्हणतात. खरं-खोटं मॅडमना माहीत. पुढच्या सरावासाठी मला बोलावलंय, हे मात्र नक्की.

सामना संपल्यावर हिमाचलची कीपर माझ्याजवळ आली. विचारलं, "तुमने मेरी तरफ देखा ही नहीं. क्यों?" मी म्हणाले, "मेरी अक्का ने मना किया था."

तुझे आभार कसे मानायचे असतात, मला येत नाही. घरात आपण कुणाचे आभार मानत नाही. इथं शिकले. जूले अक्का. त्याचा अर्थ आभार असाही होतो.

तुझी
नंदिनी


सिरसाळा, २० फेब्रुवारी २०२५

सत्याक्का,

घरी येऊन चार दिवस झाले. कालच शाळेच्या पटांगणात माझा सत्कार झाला. सरपंच, मुख्याध्यापक, बाजारातले सगळे अडते. बाबा पहिल्या रांगेत, फेट्यात. दादा त्यांच्या शेजारी. त्याची सोयरीक झालीय, मे महिन्यात लग्न आहे. तुला हे माझ्याकडूनच कळावं, बाहेरून नको. मुलीकडच्यांना काही विचारायचं असेल तर मी खरं सांगणार आहे, हे आईला सांगून ठेवलंय.

भाषणं झाली. मुख्याध्यापक म्हणाले, राजनंदिनीनं यशाचं गुपित सांगावं. माइक हातात दिला. मी लिहून नेलं होतं ते बाजूला ठेवलं.

मी म्हणाले, "मला जोरात मारता येत होतं. कुठं मारायचं ते येत नव्हतं. ते सत्यशीला यांनी शिकवलं. शिरूर कासारच्या. आपल्या गावात त्यांना सगळे ओळखतात. दोन वर्षं त्या माझ्यासमोर कीपर म्हणून उभ्या राहिल्या. गावात असं बोललं जातं की माझ्या चेंडूनं त्यांचा हात मोडला. माझा चेंडू त्यांना कधी लागला नाही. मी त्या दिवशी गावातच नव्हते."

दुसरं कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

दादा उठला आणि गेला. मुख्याध्यापक माझ्या हातातला माइक बघत होते, घ्यावा की नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"खरं हाय ते."

अक्का, ती आई होती. चटईवर बसलेली. डोक्यावरचा पदर नीट करून परत म्हणाली, "पोरगी खरं बोलतीय. मी घरातच व्हते."

बाबांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. तिनं नजर खाली घेतली नाही. मग सरूबाईनं, आपल्या शाळेत खिचडी शिजवतात त्यांनी, टाळी वाजवली, आणि मग बायकांच्या बाजूनं टाळ्या आल्या. गड्यांच्या बाजूनं थोड्या, उशिरा.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "चारचौघात का म्हून बोललीस? मला आधी सांगायचं व्हतं."

"सांगितलं होतं बाबा. चहा घेऊन आले होते तेव्हा."

बाबांनी फेटा सोडून खुंटीला अडकवला आणि दुकानात गेले. आज सकाळी मला म्हणाले, "बुटाला नवी पाती लागत्यात म्हणं. कुठं मिळत्यात?" एवढंच. तू ह्याला काय म्हणशील मला माहीत नाही. मी त्याला माफी म्हणत नाही. पण ते विचारत होते.

आता मुख्य गोष्ट. मी रविवारी शिरूरला येणार आहे. दोन जुन्या काठ्या आणि एक चकती घेऊन, वैष्णवीला आणि पोरींना दाखवायला. हे आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "ती नीट जेवती का गं?"

मी म्हणाले, मला काय माहीत, विचारीन.

थोड्या वेळानं म्हणाली, "मी यिऊ का संग?"

मी हो म्हणाले नाही. तुला विचारीन म्हणाले. काल ती बोलली, पण तेव्हा, त्या दिवशी, ती घरातच होती आणि बोलली नव्हती. हे तुझ्या डोळ्यांनी बघितलंयस तू. म्हणून तुझं घर, तुझं म्हणणं. नको म्हणालीस तर मी एकटी येईन आणि आईला तसं सरळ सांगेन. ती रागावणार नाही. रागवायचा हक्क नाही, हे तिला कळतं.

हे पत्र बाबांच्या दुकानाचा माल नेणाऱ्या प्रविणच्या हाती देतेय, त्याची गाडी उद्या बीडवरून शिरूरला जाते. उत्तर त्याच्याकडंच दे.

तुझी
नंदिनी


शिरूर कासार, २१ फेब्रुवारी

नंदिनी,

प्रविण चहा पीत बाहेर थांबलाय, म्हणून थोडक्यात.

पत्र पोरींना मोठ्यानं वाचून दाखवलं, सामन्याचंही आणि पटांगणाचंही. ह्या पोरींना दोन्ही कळतं.

आत्याबाईंना घेऊन ये.

झालं गेलं विसरून जाऊ असं मी म्हणणार न्हाई. मला त्यांना काही विचारायचंय आणि ते मी विचारणार. त्यांना सांग, तयारीनं या. त्यांनी परवा जे केलं ते मी ऐकलं, तेही मी त्यांच्या तोंडावर सांगणार. पण दोन्ही जेवल्यावर. उपाशी माणसाशी मी भांडत न्हाई आणि आभारही मानत न्हाई.

मी नीट जेवते, असं सांग. तिखट कमी केलंय, पोरींमुळं.

पोरींनी आजच भिंतीवरची चौकट नव्यानं आखली, ह्या वेळी विटकरीनं. वैष्णवी म्हणते, मला त्या ताईसमोर कीपर राहायचंय. मी तिला सांगितलं, ती तुझ्याकडं बघणार न्हाई. तर म्हणाली, "नगं बघू दे, मी तिच्या खांद्याकडं बघीन."

म्हणून सावध ये.

अक्का